प्रदर्शन भरतें कसें आणि फळतें कोणाला?

घरांत मुंज निघाली म्हणजे मांडव पडण्यापूर्वीं दोन महिने सारें घर कसें हलूं लागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. याद्या होतात, आचारी ठरतो, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय लावावी लागते. आणि मंगलाष्टकें मात्र पावघटकेंत आटोपतात. घरांतील वडील मंडळी जाणून असतात कीं, कार्य पार पडतें तें त्या पावघटकेंत नव्हे. तें आधींच्या दोन महिन्यांत पार पडलेलें असतें, आणि त्याची खरी परीक्षा मांडव उतरल्यावर, देणीं चुकतीं झालीं कीं नाहीं यावरून होते. औद्योगिक प्रदर्शनाची गोष्ट याहून निराळी नाहीं.

हल्लीं आपल्याकडे प्रदर्शनांस तोटा नाहीं. दिवाळीपूर्वीं मंगल कार्यालयांतून मांडल्या जाणाऱ्या गृहोद्योगांच्या चार दिवसांच्या प्रदर्शनापासून तों दिल्लीस प्रगति मैदानावर नोव्हेंबरांत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यापर्यंत त्यांचे नाना प्रकार आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांतील भगिनी त्यांत स्टॉल घेतात. कित्येकांचे चिरंजीव अशा प्रदर्शनांच्या व्यवस्थेंतच पडलेले आहेत. कांहीं प्रदर्शनें फुलून जातात व कांहीं ओस पडतात, आणि मग “जागा लाभली नाहीं”, “दिवस चांगला नव्हता” असें म्हणून मंडळी गप्प बसतात. परंतु हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. लंडन येथें १८५१ सालीं भरलेल्या पहिल्या सर्वराष्ट्रीय प्रदर्शनाचा जमाखर्च, नियम व वृत्तांत छापलेले आहेत. ते पाहिले असतां यश कोणत्या हातांनीं आलें तें स्पष्ट दिसतें. त्या यशांत आपल्या देशाचा माल होता. फळांत आपला वांटा किती होता, हेंहि पाहण्यासारखें आहे.

पैका आधीं, मांडव मागाहून

या प्रदर्शनाचें बीज १८४९ सालचें. हेन्री कोल नांवाचा एक खटपट्या सरकारी नोकर त्या वर्षीं पॅरिसचें प्रदर्शन पाहून आला. तेथें केवळ फ्रेंच माल होता. सर्व राष्ट्रांचा माल एका छपराखालीं आणावा, ही कल्पना त्यानें राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट यांच्यापुढें मांडली व ती त्यांनीं उचलून धरली. १८५० च्या जानेवारींत राजाज्ञेनें एक मंडळ नेमलें गेलें. म्हणजे संकल्पापासून उद्घाटनापर्यंत दोन वर्षें देखील हातीं नव्हतीं.

पहिला प्रश्न पैशाचा. आरंभीं एका खासगी मक्तेदाराशीं करार झाला होता. त्यानें पैसा घालावा आणि नफ्यांत वांटा घ्यावा, असें ठरलें होतें. परंतु लोककार्य म्हणून वर्गणी मागावयाची आणि नफा एकाच्या खिशांत जावयाचा, हें लोकांस रुचेना. तेव्हां मंडळानें तो करार मोडला व सर्व भार लोकांच्या वर्गणीवर टाकला. वर्गणी पुरेशी येईना, तेव्हां धनिकांकडून हमी घेण्यांत आली. सॅम्युअल मॉर्टन पीटो या बांधकामाच्या मोठ्या मक्तेदारानें एकट्यानें पन्नास हजार पौंडांची हमी दिली. अशा हमींच्या आधारावर बँक ऑफ इंग्लंडनें पैसे पुरविले. तूट आली तर ती कोण भरणार, हें पहिला खांब रोवण्यापूर्वींच कागदावर ठरलें होतें. प्रदर्शनांच्या कारभारांत जे कलह होतात, त्यांतील निम्मे या एका प्रश्नाचें उत्तर आधीं न दिल्यामुळें होतात, असें म्हटल्यास फारसें चुकावयाचें नाहीं.

दुसरी गोष्ट, मंडळानें आपला संकल्प लंडनांत कोंडून ठेविला नाहीं. १८५० च्या मार्चांत लंडनच्या नगराध्यक्षांनीं देशभरच्या नगराध्यक्षांस मेजवानीस बोलाविलें व तेथें आल्बर्ट यांनीं प्रदर्शनाचा हेतु समजावून सांगितला. पाठोपाठ गांवोगांवीं स्थानिक समित्या निघाल्या. आपल्या गांवचा कोणता माल पाठवावयाचा, तें त्या समितीनें निवडावयाचें, आणि वर्गणीहि तिनेंच गोळा करावयाची. ज्या गांवानें माल निवडला, त्या गांवचीं माणसें तो पाहावयास येणारच! जाहिरात म्हणजे भिंतीवर चिकटविलेला कागद एवढाच अर्थ घेणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्याला कार्यांत कांहीं तरी काम मिळालें, तो बोलावणें नसतां देखील येतो.

मालाची वर्गवारी लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञानें बसविली: कच्चा माल, यंत्रें, तयार माल व ललितकला असे चार विभाग, आणि त्यांचे तीस वर्ग. निम्मी जागा ब्रिटन व त्याच्या वसाहतींस, निम्मी इतर राष्ट्रांस. जागेचें भाडें कोणाकडूनहि घ्यावयाचें नाहीं. मात्र माल आणण्याचा व मांडण्याचा खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा. परदेशांतून येणाऱ्या मालावर जकात पडूं नये म्हणून सबंध इमारतच जकातीच्या वखारीसारखी मानण्यांत आली. हे नियम आधींच छापले गेल्यामुळें दूरदूरच्या कारागिरासहि आपल्याला किती खर्च येईल तें घरबसल्या कळलें.

टीपकागदावरची इमारत

इमारतीसाठीं मागविलेले दोनशेंहून अधिक आराखडे समितीनें नापसंत केले, आणि स्वतः एक आराखडा केला. त्यांत विटांचें अवाढव्य बांधकाम होतें व वर लोखंडी घुमट. हाइड पार्कसारख्या रम्य बागेंत हें धूड बसणार म्हणून लोकांनीं कोलाहल केला; शिवाय तें वेळेंत उभें राहण्याचा संभवहि नव्हता. अशा वेळीं जोसेफ पॅक्सटन पुढें आला. हा डेव्हनशरच्या ड्यूकचा माळी. मोठमोठ्या पाणकमळांसाठीं कांचेचीं घरें बांधण्यांत त्याचा हात बसलेला. १८५० च्या जूनमध्यें रेल्वेच्या एका सभेंत बसल्या बसल्या त्यानें टीपकागदावर रेखाटन केलें, आणि जुलईच्या आरंभीं तें एका सचित्र साप्ताहिकांत छापवून लोकमत आपल्या बाजूस वळवून घेतलें.

त्याच्या युक्तीचें मर्म एकाच गोष्टींत होतें. सारी इमारत ठराविक मापाच्या सुट्या भागांची असावयाची. खांब, तुळ्या, कांचा, सर्व कारखान्यांतून एका सांच्याचे तयार होऊन यावयाचे व जागेवर केवळ जोडावयाचे. लांबी १८४८ फूट, मुख्य रुंदी ४०८ फूट, आणि कांच सुमारें नऊ लाख चौरस फूट. तरी पहिला खांब सप्टेंबर १८५० मध्यें उभा राहिला व १ मे १८५१ रोजीं, ठरल्या दिवशीं, राणीच्या हस्तें उद्घाटन झालें. बागेंतील जुने एल्म वृक्ष न तोडतां ते छपराखालीं घेतले गेले, त्यामुळें विरोध करणाऱ्यांचें तोंड आपोआप बंद झालें. वरचे सज्जे गर्दीचा भार पेलतील कीं नाहीं, या शंकेवर वाद घालीत न बसतां त्यांवरून सैनिकांच्या तुकड्या पाय आपटीत चालविल्या. शंका हंसण्यावारी न नेतां तिची परीक्षा घेणें, ही व्यवस्थापकाची खरी खूण होय.

दार कोणासाठीं, आणि केव्हां?

प्रवेशशुल्काची त्यांनीं केलेली योजना आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. हंगामाचें तिकीट पुरुषांस तीन गिनी व स्त्रियांस दोन गिनी. पहिल्या दिवशीं केवळ हे तिकीटवाले. नंतरचे दोन दिवस शुल्क एक पौंड. मग पांच शिलिंग. आणि मेच्या अखेरीपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारीं अडीच व शनिवारीं पांच. श्रीमंतास निवांतपणा हवा होता, त्यानें त्याचें मोल दिलें. मजुरास स्वस्त दार हवें होतें, तें त्यास आठवड्यांतून चार दिवस मिळालें. आंतील माल सर्वांस एकच.

शिलिंगाचे दिवस जवळ येतांच वर्तमानपत्रांतून भीति व्यक्त होऊं लागली कीं, आतां हलकी गर्दी लोटणार, कांचा फुटणार, दंगे होणार. यांतलें कांहींच झालें नाहीं. कारागीर, शेतकरी, मोलकरणी शिस्तीनें आल्या व शिस्तीनें परतल्या. टॉमस कुक यानें इंग्लंडच्या मध्यभागांतून दीड लाखांवर माणसें सहलीच्या गाड्यांनीं आणलीं. गांवोगांवीं भिशीसारखीं मंडळें निघालीं व दर आठवड्यास थोडे पैसे बाजूस टाकून मजुरांनीं प्रवासाचा पैका जमविला. प्रदर्शन ऑक्टोबरांत मिटलें तोंपर्यंत साठ लाखांवर लोक येऊन गेले. त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश शिलिंगवाले होते. अखेरच्या आठवड्यांत तर एकाच दिवशीं लाखावर माणूस आंत होता. ज्या गर्दीची धास्ती घेतली होती, तिनेंच प्रदर्शन तारलें.

आलेल्या पाहुण्याच्या देहधर्माकडेहि दुर्लक्ष झालें नाहीं. फराळाचा मक्ता श्वेप्स कंपनीस साडेपांच हजार पौंडांस दिला होता. मद्यास बंदी होती. दहा लाखांवर बाटल्या पेयें खपलीं, आणि गोड पावांची संख्या नऊ लाखांवर गेली. जॉर्ज जेनिंग्स यानें सार्वजनिक शौचकूपांची सोय केली. त्याचा एक पेनी आकार आठ लाखांवर लोकांनीं दिला. हा विषय नाक मुरडण्याचा नव्हे. लेंकुरवाळी बाई ज्या ठिकाणीं तीन तास सुखानें राहूं शकत नाहीं, तेथें ती अर्ध्या तासांत परत फिरते; आणि तिच्यामागें सारें कुटुंब.

सर्व खर्च वजा जातां सुमारें १,८६,००० पौंड उरले. त्या पैशांतून दक्षिण केन्सिंग्टन येथें जमीन घेतली गेली. आज तेथें उभीं असलेलीं मोठमोठीं संग्रहालयें व विद्यालयें त्याच भूमीवरचीं. आणि १८५१ चें तें मंडळ अद्यापहि विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतें. कांचमहाल पुढें सिडनहॅम येथें हलविला गेला व १९३६ सालीं जळून गेला. मांडव गेला, पण कार्याचें पुण्य राहिलें.

व्यवस्था चांगली असली म्हणजे दैव आड येत नाहीं, असें मात्र नव्हे. व्हिएन्ना येथें १ मे १८७३ रोजीं याहून मोठें प्रदर्शन उघडलें. नऊ दिवसांच्या आंत तेथील शेअरबाजार कोसळला. उन्हाळ्यांत पटकीची सांथ आली. दोन कोटि लोक येतील या अंदाजानें खर्च केला होता. आले सुमारें बहात्तर लाख. तूट प्रचंड आली. लंडनच्या मंडळानें हमी आधीं कां घेतली, याचें उत्तर व्हिएन्नानें दिलें.

हिरा फसला, कापणीयंत्र गाजलें

आतां मालाकडे वळूं. लंडनच्या प्रदर्शनांत सर्वांत मौल्यवान वस्तु म्हणजे कोहिनूर. पंजाब खालसा झाल्यावर तो राणीकडे गेला होता. एका मोठ्या पिंजऱ्यांत तो ठेविला होता व पाहावयास रीघ लागे. पण बहुतेक लोक हिरमुसून परतत. जुन्या घडणीचा तो हिरा त्या उजेडांत चमकेना. मग भोंवतीं काळोख करून गॅसचे दिवे लावून पाहिलें, तरी मनासारखें होईना. अखेर पुढल्या वर्षीं तो नव्यानें पैलू पाडून लहान करण्यांत आला.

उलट अमेरिकेची गोष्ट घ्या. अमेरिकेनें जागा मोठी मागून घेतली, पण माल थोडा. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनीं तिची रेवडी उडविली. तेथें मॅकॉर्मिकचें कापणीयंत्र उभें होतें, त्याचीहि थट्टा झाली. परंतु जुलैंत एका शेतांत, पावसानें भिजलेल्या पिकांत, तें प्रत्यक्ष चालवून दाखविलें गेलें आणि थट्टेचें रूपांतर स्तुतींत झालें. हॉब्स नांवाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानें तर लंडनच्या एका दुकानाच्या खिडकींत वर्षानुवर्षें आव्हान देत पडलेलें ब्रामाचें कुलूप पन्नास तासांवर खपून उघडलें व दोनशें गिनींचें बक्षीस मिळविलें. बोलण्यापेक्षां करून दाखविणें मोठें. आणि वस्तूच्या किंमतीपेक्षां तिची मांडणी पाहणाऱ्याच्या मनांत घर करते.

एक नियम मात्र आमच्या मतें चुकीचा होता. वस्तूवर किंमत लिहिण्यास मनाई होती. गणकयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज यानें त्याच वर्षीं ग्रंथ लिहून या नियमावर कडक टीका केली. किंमत कळल्याशिवाय वस्तु स्वस्त कीं महाग, आपल्यासाठीं कीं दुसऱ्यासाठीं, हें गिऱ्हाइकानें कसें ठरवावें? हा नियम सर्वांत अधिक कोणास नडला असेल, तें आतां पाहूं.

आपल्या विणकराच्या पदरीं काय पडलें?

हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीनें मांडला होता. मलमली, किनखाब, शाली, धातुकाम, त्रावणकोरचें हस्तिदंती सिंहासन, अंबारीसह पेंढा भरलेला हत्ती. पाहणारे थक्क झाले. यंत्रावर निघालेल्या विलायती कापडाच्या भडक नक्षीपुढें हिंदी रंगसंगति व रेखीवपणा किती वरचढ आहे, हें ओवेन जोन्ससारख्या इंग्रज कलावंतानें मोकळेपणानें सांगितलें. प्रदर्शन मिटल्यावर सरकारी पैशांतून कलाशिक्षणासाठीं निवडक वस्तु विकत घेतल्या गेल्या, त्यांत हिंदी वस्तूंचा भाग मोठा होता.

कीर्ति झाली, पण कोणाची? त्या विभागाच्या मांडणीवर धनी म्हणून नांव होतें कंपनीचें. ज्याच्या हातांनीं तो किनखाब विणला, त्याला लंडनचा गिऱ्हाईक भेटला नाहीं. त्यानें गिऱ्हाइकाची आवड ऐकली नाहीं. वस्तूवर किंमत नव्हती, म्हणून मागणीचा कागदहि त्याच्या नांवें आला नाहीं. पुढें १८६६ सालीं लंडनच्या हिंदी संग्रहालयाचे अधिकारी फोर्ब्स वॉटसन यांनीं हिंदी कापडाच्या सातशें नमुन्यांचे अठरा खंड काढले. हिंदी लोकांस काय नेसावयास आवडतें तें इंग्रज गिरणीवाल्यांस कळावें व त्यांनीं तसें कापड काढावें, हा त्याचा उघड हेतु होता. नमुना आमचा, गिऱ्हाईक आमचें, आणि धंदा त्यांचा! ज्याच्या हातीं व्यवस्था, त्याच्या हातीं फळ, हा धडा याहून स्पष्ट कोण देणार?

हा धडा आपल्या पूर्वजांस कळला नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठीं मुंबईस जो संग्रह झाला, त्यांतून येथें एका संग्रहालयाची सुरुवात झाली. भायखळ्याचें आजचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तें हेंच. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरविली. १९०१ पासून राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरविण्याचा प्रघात पडला; १९०२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनाचें उद्घाटन करतांना श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनीं देशाच्या धंद्यांच्या अवनतीचा ऊहापोह केला. माल आपला, मांडणारे आपण व पाहणारेहि आपण, हा पालट त्या वर्षांतला.

आतां आपल्या गांवीं

एखाद्या गांवीं महिला मंडळानें किंवा व्यापारी संघानें चाळीस स्टॉलांचें प्रदर्शन मांडावयाचें झालें, तरी कामाची रीत हीच. सर्वांनीं सर्व पाहावयाचें म्हणजे कोणीच कांहीं पाहावयाचें नाहीं. म्हणून पैसा, जागा, जाहिरात व स्टॉलवाले या चार खात्यांवर चार माणसें नेमावीं व त्यांवर एकच प्रमुख असावा. तूट कोण भरणार तें पहिल्या सभेंतच लिहून ठेवावें. दिवस निवडतांना पंचांग व शाळांचें वेळापत्रक दोन्हीं पुढ्यांत घ्यावीं. पितृपंधरवड्यांत खरेदी मंदावते, वार्षिक परीक्षांच्या दिवसांत आया घराबाहेर पडत नाहींत. नवरात्र ते दिवाळी हा काळ उत्तम, पण त्या काळांत कार्यालय मिळवावयाचें तर सहा महिने आधीं धांवावें लागतें. एकाच वस्तूचे दहा स्टॉल घेऊन भाडें वसूल करणारा व्यवस्थापक पहिल्या वर्षीं फायदा पाहतो व दुसऱ्या वर्षीं स्टॉलवाले शोधीत फिरतो. पिण्याचें पाणी, वृद्धांस बसावयास खुर्च्या, स्वच्छ शौचकूप व तान्ह्या मुलांच्या आयांसाठीं आडोसा, यांस सजावटीच्या आधीं पैसा द्यावा.

स्टॉल घेणाऱ्या भगिनींस आमचें सांगणें थोडें निराळें आहे. किंमत ठळक अक्षरांत लिहावी. ती विचारण्याचा संकोच वाटून कित्येक गिऱ्हाइकें पुढें जातात. थालीपिठाची भाजणी विकावयाची असेल तर तिथेंच तवा ठेवून चार थालीपिठें लावावीं. तो वास करील तें काम फलक करणार नाहीं. पैसे मोबाइलवरून घेण्याची सोय हल्लीं लागतेच, पण सुटे पैसेहि जवळ असावे. आणि सर्वांत महत्त्वाचें: एक वही. कोणी काय मागितलें, काय नव्हतें, कोणाचा पत्ता व फोन काय, हें त्याच दिवशीं लिहावें व प्रदर्शन मिटल्यापासून आठ दिवसांच्या आंत प्रत्येकास कळवावें. तीन दिवसांची विक्री भाड्यांत व गाडीखर्चांत जाते. धंदा उभा राहतो तो त्या वहींतून. १८५१ च्या विणकराजवळ नव्हती ती हीच वही.

व्यवस्थापकांनींहि शेवटचें कर्तव्य विसरूं नये. मांडव उतरल्यावर महिन्याच्या आंत जमाखर्च छापून सर्व स्टॉलवाल्यांस द्यावा. काय साधलें व काय राहिलें, त्यांच्याकडूनच विचारून घ्यावें. ज्या मंडळाचा हिशेब चोख, त्याच्या पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनास हमीदार शोधावे लागत नाहींत.